आम्ही बघत होतो, तुम्ही मोजत नव्हता

प्रति,
मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, जाहिरातीचा पैसा कुठे लावायचा ते ठरवणारी मंडळी आणि प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क इंडियाचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ ही मालिका १ नोव्हेंबर २००४ ला स्टार वन वाहिनीवर सुरू झाली आणि २००६ मध्ये संपवली गेली. सगळे मिळून सत्तरच्या आसपास भाग झाले. त्याच काळात सासू-सुनांच्या मालिका हजार-हजार भागांच्या पुढे गेल्या होत्या. ‘साराभाई’ का बंद झाली, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे : टीआरपी नव्हता, लोक बघत नव्हते.

टीआरपी नव्हता हे मी मान्य करते. लोक बघत नव्हते हे मात्र मान्य करत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची. आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. लग्न होऊन आले तेव्हापासून सासऱ्यांच्या आणि आता नवऱ्याच्या जोडीने गल्ल्यावर बसते. टीव्हीच्या धंद्यातलं मला काही कळत नाही असं तुम्ही म्हणू शकता. पण तुमच्या जाहिरातीतला माल विकण्यात माझी उमर गेली आहे, त्यामुळे या हिशेबाची दुसरी बाजू मला रोज दिसते.

आधी मोजणीचं बोलू. ‘साराभाई’ चालू होती तेव्हा टीआरपीचे आकडे टॅम ही संस्था काढायची. तिचे मीटर, म्हणजे निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेली, काय लागलं ते नोंदवणारी यंत्रं, लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांतच होते. खेडी त्या हिशेबात नव्हती आणि लाखाच्या आतली गावंही नव्हती. आता २००१ ची जनगणना काढून बघा. आमच्या खान्देशातल्या तीन जिल्ह्यांत, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये, लाखावरची शहरं तीन : जळगाव, धुळे, भुसावळ. अमळनेर लाखाच्या आत, चाळीसगाव लाखाच्या आत, शिरपूर आणि चोपडा तर बरेच आत. नंदुरबार १९९८ पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण तेही लाखाच्या आतच होतं. म्हणजे तापीच्या दोन्ही काठांवरची, पांझरा-गिरणेच्या खोऱ्यातली आणि सातपुड्याच्या पायथ्याची सगळी गावं, तिथली सगळी घरं, सगळे टीव्ही तुमच्या लेखी बंदच होते. आम्ही रात्रभर टीव्ही लावून बसलो असतो तरी तुमच्या कागदावर त्याचा एक ठिपका उमटला नसता.

जे मोजलंच नाही त्याच्या जागी शून्य मांडायचं आणि त्या शून्याला प्रेक्षकांचा कौल म्हणायचं, हे बरोबर नाही. आमच्या वहीत ज्याचं खातंच नाही त्याच्याकडे उधारी नाही असं आम्ही लिहीत नाही. त्याच्याबद्दल आम्ही काहीच लिहीत नाही.

ज्यांनी ही मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबईत कफ परेडला समोरासमोर दोन फ्लॅट. एकात इंद्रवदन आणि माया साराभाई, त्यांच्यासोबत धाकटा मुलगा रोसेश. समोर थोरला साहिल आणि त्याची बायको मोनिशा. साहिल कॉस्मेटिक सर्जन. रोसेश नाटकात कामं करतो आणि कविता लिहितो, आणि त्या कविता आईला कौतुकाने ऐकवतो. माया उच्चभ्रू, तिला सगळं नेटकं, नाजूक आणि इंग्रजी वळणाचं लागतं. मोनिशा मध्यमवर्गीय घरातली, सेलमध्ये रमणारी, चार पैसे वाचले की खूश होणारी. माया तिच्यावर कधी ओरडत नाही. ‘मोनिशा बेटा’ म्हणते, आवाज खाली ठेवते आणि नेमकं दुखेल तिथे टोचते. इंद्रवदनला ही भांडणं लावून मजा बघायची असते. इंद्रवदन सतीश शाह, माया रत्ना पाठक शाह, साहिल आपले सुमीत राघवन, मोनिशा रूपाली गांगुली आणि रोसेश राजेश कुमार. पाचांपैकी एकाचंही काम दुसऱ्यापेक्षा कमी नाही. निर्माते जे. डी. मजेठिया आणि आतिश कपाडिया. दिग्दर्शनात देवेन भोजानी, आणि तेच पडद्यावर दुष्यंत होऊन यायचे, घरातलं कुठलंही यंत्र दिसलं की ते कसं चालतं हे हातवारे करून सांगत सुटणारे जावई.

एवढी दक्षिण मुंबईची मालिका खान्देशात कोण बघणार, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्या घरात ती सगळ्यात जास्त कुणी बघितली तर माझ्या सासूबाईंनी.

सासूबाईंचं बोलणं अहिराणी. मराठी पाहुण्यांपुरतं, हिंदी सिनेमापुरतं. मायाचं निम्मं बोलणं इंग्रजीत, त्यामुळे सुरुवातीला त्या दर दोन मिनिटांनी मला विचारायच्या, “काय म्हनस वं ती?” मी सांगायची. तोवर पुढचं वाक्य निघून जायचं, मग त्या चिडायच्या. पाच-सहा आठवड्यांत विचारणं बंद झालं. मायाचे शब्द त्यांना कळत नव्हते, पण तिने साडीचा तो झुळझुळीत पदर कसा सावरला आणि मोनिशाच्या स्वयंपाकघराच्या ओट्याकडे कशी नजर टाकली, हे त्यांना माझ्याआधी कळायचं. एकदा मोनिशा सासूला काहीतरी कौतुकाने दाखवत होती आणि माया गोड हसून ते बाजूला सारत होती. सासूबाई भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “हाई ते मनी सासू शे वं, मनी सासू!” आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी मला त्यांच्या सासूबद्दल सांगितलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा काठ जाड राहिला तर त्या बाई एक शब्द न बोलता ती भाकरी ताटाबाहेर ठेवायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जायचं विचारलं की “जा ना, घर काय तुझ्यावाचून अडलं आहे?” असं प्रेमाने म्हणायच्या. हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आपल्या मुलालाही नाही. सून होऊन आलेल्या मला सांगितलं, आणि निमित्त होतं कफ परेडची माया साराभाई.

रडारडीच्या मालिका आमच्या घरी लागायच्या, नाही म्हणत नाही. त्यातल्या सासवा काळ्या किंवा पांढऱ्या. कारस्थान सुरू झालं की ढोल वाजणार आणि कॅमेरा तीनदा तोंडाजवळ जाणार. ते बघताना सासूबाई भाजी निवडायच्या, मी हिशेब करायची. ‘साराभाई’ लागली की दोघींचे हात थांबायचे. माझ्या मते चांगल्या मालिकेची खूण हीच आहे, आणि ती टिपणारं मीटर तुमच्याकडे नाही. टीव्ही लागला आहे हे तुम्हाला कळतं. समोरचा माणूस भाजी निवडतो आहे की श्वास रोखून बघतो आहे हे कळत नाही.

गल्लीतल्या दोन-तीन बायाही यायच्या. त्यांच्याकडे टीव्ही होते, पण स्टार वन दिसत नव्हतं. हेही तुम्हाला सांगायला हवं. तेव्हा सेट टॉप बॉक्स नव्हते, वायर थेट टीव्हीत. जुन्या संचावर पहिली काही चॅनेलं स्वच्छ दिसत, पुढची खरखरत, आणि शेवटी नुसत्या मुंग्या. नवी वाहिनी आली की केबलवाले तिला मागच्या टोकाला टाकत. पुढची जागा पाहिजे तर वाहिनीने पैसे मोजायचे, आणि वाहिन्या ते पैसे जिथे मीटर आहेत अशा शहरांत आधी खर्च करणार, हे उघड आहे. आमच्या गावात मीटर नाही, मग इथे पैसे कशाला? म्हणजे आम्हाला मोजत नव्हता म्हणून आम्हाला नीट दाखवतही नव्हता, आणि नीट दिसत नाही म्हणून जे थोडे लोक बघत होते तेही मोजले जात नव्हते.

आणि भारनियमन. २००५-०६ च्या संध्याकाळी ज्यांनी खान्देशात काढल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. कागदावर वेळापत्रक यायचं, लाइट त्या वेळापत्रकाच्या आधी जायची आणि नंतर यायची. आमच्याकडे वीज असली तरी केबलवाल्याचा अँप्लिफायर ज्या खांबावर, तो भाग अंधारात असला की आमच्या टीव्हीवर काळोख. अर्धा भाग बघायचा, अर्धा दुसऱ्या दिवशी भुसावळच्या नणंदेला फोन करून विचारायचा. रोजच्या मालिकेचे चार भाग बुडाले तरी काही अडत नाही, तीच बाई त्याच साडीत त्याच दारात उभी असते. आठवड्यातून एकदा लागणारी, एका भागात एक गोष्ट पुरी करणारी विनोदी मालिका बुडाली की बुडाली. तुमची मोजणी मात्र दोघींना एकाच मापाने मोजत होती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी क्रमाने सांगते. मालिका २००६ मध्ये गेली. स्टार वन २०११ मध्ये बंद झालं, त्याच्या जागी लाइफ ओके आलं. २०१७ मध्ये तेही गेलं आणि स्टार भारत आलं. त्याच वर्षी हॉटस्टारवर ‘साराभाई’चा दुसरा अंक आला, दहा-एक भागांचा. मला तो आवडला नाही. अकरा वर्षं मधे गेली होती. सगळी माणसं तीच होती, पण वाक्यांची धार तशी राहिली नव्हती. मालिका रंगात आली असताना ती चालू ठेवायची होती. नंतर हौसेने परत आणून ते भरून निघत नाही. मग २०२० चा लॉकडाउन आला, चित्रीकरणं थांबली, दाखवायला नवं काही नाही, तेव्हा स्टार भारतने जुनी ‘साराभाई’ काढली. जिला प्रेक्षक नाहीत असं म्हणून बंद केली होती, तीच अडचणीच्या वेळी पुढे केली.

त्या दिवसांत आमचं दुकान नेमून दिलेल्या वेळेतच उघडं असायचं. दुपारनंतर शटर खाली. माझी मुलगी पुण्याच्या कॉलेजातून घरी आलेली. सासूबाईंची नजर अधू झाली होती, त्या नुसत्या ऐकायच्या. रोसेशचा तो चमत्कारिक आवाज आला की ओळखून हसायच्या. मुलगी ही मालिका सुरू झाली तेव्हा रांगतही नव्हती, आणि तिला अर्धे संवाद पाठ होते! मोबाइलवर तुकडे बघून बघून तिने आणि तिच्या मैत्रिणींनी पाठ केलेले. तिच्या वर्गातली चोपड्याची मुलगी, शहाद्याचा मुलगा, सगळ्यांना पाठ. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले, त्या रात्री तिने फोन केला आणि आम्ही दोघी इंद्रवदनबद्दलच बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण तेच बोलत होते. दूध घ्यायला आलेले निवृत्त मास्तर बोलत होते, आणि मालाची ऑर्डर लिहायला आलेला कंपनीचा पोरगाही. ही माणसं २००६ मध्ये कुठे होती? इथेच होती.

आता तुम्ही म्हणाल की हे जुनं झालं. टॅमची पद्धत गेली, २०१५ पासून बार्क मोजते, खेडीही मोजते. ही सुधारणा मोठी आहे, मी ती नाकारत नाही. तरी केंद्र सरकारनेच २०२५ च्या जुलैत सांगितलेला आकडा पाहा. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी, मीटर ५८,०००. म्हणजे ०.०२५ टक्के. एका मीटरच्या पाठीवर जवळपास चार हजार घरं.

थोड्या नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज काढू नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही दुकानदार तेच करतो. गव्हाचं पोतं आलं की अणकुचीदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यावर भाव करतो. पण दोन गोष्टी सांभाळतो. ज्या पोत्याचा भाव करायचा त्याच पोत्यातून मूठ काढतो, दुसऱ्याच्या नाही. आणि पोत्यात खडे फार असतील तर एका मुठीत ते कळतात. एखादाच कुठे असेल तर एका मुठीवरून छातीठोक काही सांगत नाही. तुमचंही तसंच आहे. जी मालिका दर दहातली तीन घरं बघतात तिचा आकडा ५८,००० मीटरांत बऱ्यापैकी खरा येईल. जी मालिका लाखात दहा घरं बघतात, तिच्या वाट्याला सहाच्या आसपास मीटर येतात, आणि त्यात तीन मीटर इकडचे तिकडे झाले की आकडा निम्मा किंवा दीडपट होतो. त्यातून तुम्ही राज्याचे, शहराचे, वयाचे, उत्पन्नाचे भाग पाडता, म्हणजे प्रत्येक भागात मीटर आणखी थोडे. वेगळ्या वाटेच्या मालिकेला सुरुवातीला प्रेक्षक कमीच असतात. म्हणजे जिथे तुमचं माप सगळ्यात कच्चं, तिथेच तुम्ही सगळ्यात पक्का निर्णय घेता, आणि तोही दर गुरुवारी आकडे आले की चार-सहा आठवड्यांत.

आमच्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांवर होती. तुमच्या अहवालात आम्ही ‘महाराष्ट्र-गोवा’ या एका नावाखाली जातो. कोल्हापूरला काय आवडतं, पणजीला काय आवडतं, धडगावच्या पावरा आदिवासी घरात काय बघतात, सगळं एका रकान्यात. खान्देशाला विनोद कळत नाही असं तर तुम्ही म्हणू शकणार नाही. शेजारच्या मालेगावात पोरांनी साध्या कॅमेऱ्यावर, स्वतःचे पैसे घालून सिनेमे काढले. आज तिथले आणि आमच्याकडचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोटींच्या हिशेबात बघितले जातात. खान्देशचं नाव पाटण्या-इंदूरपर्यंत गेलं ते त्यांच्यामुळे. तुमच्यापैकी कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणाच्या आकड्यात ते आधी दिसले नव्हते. प्रेक्षक होता, त्याला बघायला मिळालं, त्याने बघितलं.

हे दुखणं एकट्या आपल्या देशाचं नाही. मुलीने मला ‘फायरफ्लाय’ नावाच्या अमेरिकी मालिकेबद्दल सांगितलं. अंतराळात फिरणारं जुनाट जहाज आणि त्यावरची माणसं काउबॉयसारखी राहणारी. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने ती दाखवली, तीही क्रम उलटसुलट करून. ओळख करून देणारा पहिला भाग सगळ्यात शेवटी. चौदा भाग तयार होते, अकरा दाखवले आणि बंद केली. मग लोकांनी तिच्या डीव्हीडी इतक्या घेतल्या की २००५ मध्ये तिचा सिनेमा निघाला. आणखी एक ‘जेरिको’. सीबीएसने २००७ मध्ये ती बंद केल्यावर चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीत वीस टनांच्या आसपास शेंगदाणे पाठवले, कारण मालिकेत एक पात्र ‘नट्स’ म्हणतं. वाहिनीने आणखी सात भाग केले. मी शेंगदाणे विकते, वीस टन म्हणजे किती ते मला माहीत आहे. एवढा माल पाठवणारी माणसं त्या वाहिनीच्या आकड्यांत दिसली नव्हती, हे लक्षात घ्या.

जाहिरातदारांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या मते ‘साराभाई’चा प्रेक्षक फार तर मोठ्या शहरातला, थोडा, निवडक. अमळनेर कशासाठी ओळखलं जातं ते बघा. साने गुरुजींची शाळा इथली, २०२४ चं साहित्य संमेलन इथे झालं. आणि १९४५ मध्ये विप्रो सुरू झाली तीही याच गावात, वनस्पती तूप आणि साबण बनवत. घराघरात लागणाऱ्या वस्तूंचा धंदा छोट्या गावातून उभा राहू शकतो, याचा पुरावा आमच्या रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रोज संध्याकाळी बाया माझ्याकडे येऊन शाम्पूची पुडी मागतात ती टीव्हीत बघितलेल्या नावानेच. साबणाची वडी, चहाची पुडी, दात घासायची पेस्ट, सगळं तसंच. टीव्हीवर नवी जाहिरात सुरू झाली की दोन-तीन दिवसांत आमच्या दुकानात विचारणा होते. मालाच्या विक्रीत आम्ही मोजले जातो आणि मालिकेच्या प्रेक्षकांत नाही, हे कसं?

आणि एक रूपाली गांगुलीचं उदाहरण. मोनिशा करणारी तीच बाई २०२० पासून ‘अनुपमा’ करते, आणि ती मालिका वर्षानुवर्षं टीआरपीत वरच्या जागी राहिली. मी तीही बघते, मला तिचं काम आवडतं. पण लोकांनी तिच्यावर आधी प्रेम केलं ते मोनिशा म्हणून. आज ज्या चेहऱ्यावर तुम्ही आकडे मिळवता, तो चेहरा घराघरात नेला तुमच्याच बंद पडलेल्या मालिकेने. हे श्रेय टीआरपीच्या कुठल्या रकान्यात धरायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. वेगळ्या धाटणीची मालिका सुरू करताना तिचे भाग आधीच जाहीर करा. तीस म्हणा, पन्नास म्हणा, पण म्हटलेले पुरे करा. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ १९८९ मध्ये दहाच भागांचा होता आणि लोक अजून त्याबद्दल बोलतात. लांबण लावा असं कुणी म्हणत नाही. मालिकेला शेवट मिळू द्या, एवढंच. ज्या गोष्टीत माणसाने जीव लावला ती मधेच गायब होणं आणि तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात काहीतरी गाण्याची स्पर्धा लागणं, हा बघणाऱ्याचा अपमान आहे. सासूबाईंनी तेव्हा मला कितीतरी आठवडे विचारलं, ती माया कुठे गेली म्हणून. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तुम्ही ते दिलंच नव्हतं. साधी एक पट्टी पडद्यावर फिरवली असती तरी चाललं असतं.

बंद झालेल्या मालिका जपा. त्यांचे सगळे भाग, मूळ क्रमाने, न कापता, एका जागी कायम ठेवा, आणि खाली मराठी-हिंदी अक्षरं द्या. सासूबाईंसारख्या बायांना अक्षरांचा उपयोग नसेल, पण शेजारी बसलेली सून वाचून सांगेल.

बार्कला माझी विनंती वेगळी. मीटर कुठल्या घरात आहे ते गुप्त राहू द्या, तसंच राहिलं पाहिजे. मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावायला लावल्याच्या आरोपांचं २०२० मधलं टीआरपीचं प्रकरण आम्ही वाचलं आहे. पण धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून मीटर किती, एवढी संख्या सांगायला हरकत नसावी. आणि कमी प्रेक्षकांच्या मालिकेचा आकडा देताना त्यात चूक किती असू शकते तेही शेजारी छापा, ठळक. वाहिनीवाल्यांनी तो वाचावा आणि मगच कात्री हातात घ्यावी.

सध्या आमच्या घरात पुन्हा एक तशी मालिका चालू आहे. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तिच्याकडे कुणाचं वाईट लक्ष जायला नको. मुलगी आणि मी दोघी बघतो, शेजारच्या काकूही येतात. कथा निम्म्यावर आहे. पुढच्या गुरुवारी तिचा आकडा तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा हे पत्रही शेजारी ठेवा. उत्तराची वाट बघते.

आपली,
एक प्रेक्षक आणि किराणा दुकानदार,
अमळनेर, जि. जळगाव